जाहिरात शिकवायची कशी? नव्याने वर्गावर जाणाऱ्या शिक्षकांसाठी

जाहिरात हा विषय शिकवायला येणारे शिक्षक साधारण दोन वाटांनी येतात. काहीजण एजन्सीत बरीच वर्षं काढून येतात. क्लायंटचे आणि कॅम्पेनचे किस्से त्यांच्याकडे भरपूर असतात. काहीजण मार्केटिंग किंवा जनसंज्ञापन शिकून, संशोधन करून येतात. त्यांच्याकडे व्याख्या आणि मॉडेलं भरपूर असतात. पहिल्यांच्या तासाला मुलं रमतात, दुसऱ्यांच्या तासाला वह्या भरतात. पण सेमिस्टरच्या शेवटी विद्यार्थ्याला त्याचीच हेडलाइन समोर ठेवून ‘ही चांगली आहे का?’ असं विचारलं, की तो शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघू लागतो.

या विषयाच्या शिक्षकाचं खरं काम तिथे आहे, असं मला मनापासून वाटतं. कल्पना सुचणं ही फारशी अडचण नसते. मुलांना भरपूर सुचतं. सुचलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ही पारख त्यांच्याकडे नसते. डी. रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन शिक्षणतज्ज्ञांनी १९८९ साली हेच मांडलं होतं : चांगलं काम म्हणजे काय याची शिक्षकाच्या डोक्यात जी कल्पना असते, तिच्या जवळपास जाणारी कल्पना विद्यार्थ्याच्याही डोक्यात तयार झाली, तरच तो काम करता करता ते सुधारू शकतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका हेतूने लावलेल्या आहेत. तुमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठरलेला असेल, तोही या क्रमात बसवता येतो.

पायरी १ : शेवटापासून मागे या

वेळापत्रक करायला बसण्याआधी एका कागदावर लिहा : सेमिस्टर संपल्यावर हा विद्यार्थी कोणाचीही मदत न घेता काय करू शकेल? ‘जाहिरातीचं स्वरूप समजून घेईल’ असली वाक्यं इथे उपयोगी नाहीत. माझ्या कागदावर तीन गोष्टी असतात. समोर ठेवलेल्या जाहिरातीवरून तिच्यामागचं ब्रीफ, म्हणजे जाहिरातीने कोणाला काय पटवायचं हे ठरवणारं टिपण, ओळखता यावं. एका पानाचं, कामाला लावता येईल असं ब्रीफ लिहिता यावं. आणि स्वतःच्या वीस कल्पनांतून दोन निवडून, त्याच का निवडल्या हे सांगता यावं.

हे ठरलं की कोणता तास कशासाठी हे आपोआप उलगडतं. जाहिरातीचा इतिहास, माध्यमांचे प्रकार, एजन्सीची रचना हे सगळं शिकवायचंच आहे, पण जिथे कामात गरज पडेल तिथे. एजन्सीतल्या विभागांची आकृती पहिल्याच तासाला फळ्यावर काढली तर कोणाच्याही लक्षात राहत नाही. जोडीने काम करताना ‘हे कोणी ठरवायचं?’ असा वाद वर्गात झाला, की तीच आकृती मुलं लक्ष देऊन बघतात.

पायरी २ : आधी जाहिराती वाचायला शिकवा

पहिले दोन आठवडे कोणालाही जाहिरात करायला सांगू नका. मुलं अधीर असतात, तरी थांबवा. या दिवसांत त्यांनी जाहिराती उलगडायच्या.

माझ्या आवडीचा नमुना फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचा. न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबाख या एजन्सीने १९५९ पासून ही जाहिरातमाला केली. दृश्य मांडणी ठरवणारे आर्ट डायरेक्टर हेल्मुट क्रोन, मजकूर लिहिणारे कॉपीरायटर जुलियन कोनिग. ‘थिंक स्मॉल’ ही त्यातली जाहिरात सगळ्यांना माहीत असते, मी मात्र ‘लेमन’ घेतो. अमेरिकेत सदोष निघालेल्या गाडीला लेमन म्हणतात. चित्रात साधी, धडधाकट दिसणारी गाडी, खाली हेडलाइनमध्ये तो एकच शब्द. बॉडी कॉपी, म्हणजे हेडलाइनखालचा बारीक मजकूर, वाचल्यावर कळतं, की ग्लोव्ह कंपार्टमेंटवरच्या क्रोमच्या पट्टीवर डाग होता म्हणून ही गाडी कारखान्यातच थांबवली. पुढे आकडे येतात : जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात ३,३८९ माणसं फक्त तपासणीचं काम करतात, रोज तयार होणाऱ्या गाड्या ३,०००. म्हणजे गाड्यांपेक्षा तपासनीस जास्त.

वर्गाला विचारा : या जाहिरातीचं ब्रीफ काय असेल? पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘गाडीचा दर्जा चांगला आहे हे सांगायचं.’ तिथे थांबू नका. दर्जा चांगला आहे हे कोण सांगत नाही? मग यांच्यावर विश्वास का बसतो? हळूहळू मुलं डागापर्यंत पोहोचतात, मग आकड्यांपर्यंत, आणि शेवटी लक्षात येतं की कंपनी स्वतःच्या गाडीला नावं ठेवते म्हणूनच बाकीचं खरं वाटतं. आता फळ्यावर लिहा, ‘उत्तम दर्जा, कडक तपासणी’. अर्थ तोच. या ओळीत काय गेलं, हे वर्गालाच बोलू द्या. माझ्या अनुभवात त्या चर्चेतून जे कळतं, ते दर्जा, पुरावा आणि विश्वास यांवरच्या वेगळ्या व्याख्यानातून कळत नाही.

यानंतर प्रत्येकाने रोज एक जाहिरात उलगडून आणायची, अर्ध्या पानात. कोणाशी बोलते? त्या माणसाला आधी काय वाटत होतं? जाहिरात बघून काय वाटावं? त्यासाठी पुरावा कोणता दिला? वाईट जाहिरातीही येऊ द्या. पुरस्कार मिळालेल्या कामावरच वर्ग चालवला, की मुलांचा समज होतो की जाहिरात म्हणजे चमत्कार. रस्त्यावरचं फसलेलं होर्डिंग जास्त शिकवतं, कारण कुठे फसलं हे बोट ठेवून दाखवता येतं.

पायरी ३ : ब्रीफवर सगळ्यात जास्त वेळ घाला

नवे शिक्षक बहुधा असं असाइनमेंट देतात : ‘एका नव्या शाम्पूची जाहिरात तयार करा. टार्गेट ऑडियन्स : १८ ते ३५ वयोगट.’ यातून जे येतं ते बघून शिक्षक निराश होतो आणि मुलांमध्ये कल्पकता नाही म्हणतो. पण या असाइनमेंटमध्ये सोडवायला प्रश्नच दिलेला नाही. अठरा वर्षांची मुलगी आणि पस्तिशीचा बाप यांच्याशी एकाच वेळी एकच गोष्ट बोलायची कशी?

एक ब्रीफ कसं घडतं हे संपूर्ण वर्गाबरोबर एकदा करून दाखवा. मी टॉर्च घेतो. साधा, हातात धरायचा टॉर्च. वस्तू मुद्दाम निरस निवडायची. ब्रँड आवडीचा असला, की मुलं त्याच्या जुन्याच जाहिरातींची नक्कल करतात.

पहिला प्रश्न : या टॉर्चची स्पर्धा कोणाशी? मुलं दुसऱ्या कंपनीच्या टॉर्चचं नाव घेतात. खरी स्पर्धा फोनशी आहे. प्रत्येकाच्या खिशात आधीच एक दिवा असताना वेगळा टॉर्च कोणी घ्यावा? इथे वर्ग जागा होतो, कारण आता प्रश्न अवघड झालेला असतो.

मग मुलांना घरी पाठवा. एक संध्याकाळ खोलीतले सगळे दिवे बंद करून आधी फोनच्या उजेडात आणि मग टॉर्चच्या उजेडात रोजची कामं करायची आणि जे दिसेल ते लिहून आणायचं. मतं नकोत, निरीक्षणं हवीत. दुसऱ्या दिवशी फळा भरतो. फोनचा उजेड जवळ पसरतो, लांबवर पोहोचत नाही. उजेड पाडत असतानाच फोन आला, की तो कानाला लावावा लागतो आणि समोर अंधार होतो. फोन निसटून पडेल म्हणून हात घट्ट धरला जातो. आणि एखादी मुलगी लिहिते : दिवे गेल्यावर आपण सगळ्यात आधी फोनचा चार्ज बघतो, तो वाचवायचा ठरवतो आणि मग उजेडासाठी तोच चार्ज जाळत बसतो.

हे शेवटचं निरीक्षण म्हणजे इनसाइट, माणसाच्या वागण्यातली आतली खूण. ते पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येतून शिकवू नका, असं सापडू द्या. आता ब्रीफ लिहायचं : कोणाशी बोलतोय? दिवे गेल्यावर घरच्यांची जबाबदारी ज्याच्यावर येते, त्या माणसाशी. आज तो काय समजतो? फोन आहे, टॉर्चची गरज नाही. त्याला काय पटायला हवं? टॉर्च असला की फोन फोनच्या कामाला मोकळा राहतो. पुरावा काय? टॉर्चला स्वतःची बॅटरी आहे. जाहिरात कुठे दिसणार? जिथे तो चार्जर विकत घेतो तिथेच. पाच उत्तरं, एक पान. याहून लांब ब्रीफ आलं तर परत द्या.

मुलं ‘त्याला काय पटायला हवं’ इथे दोन-तीन गोष्टी भरायला बघतात : मजबूतही आहे, उजेडही लांब जातो, फोनही मोकळा राहतो. एकच ठेवायला लावा. बाकीच्या सोडताना त्यांना त्रास होतो आणि होऊ द्यावा. निवड करण्याची सवय इथूनच लागते.

पायरी ४ : वाचन आणि माणसं

नामवंत जाहिरातकार डेव्हिड ओगिल्व्ही यांच्याकडे रोल्स-रॉइसचं काम आलं तेव्हा त्यांनी तीन आठवडे त्या गाडीविषयी फक्त वाचन केलं. त्या वाचनात त्यांना एक वाक्य सापडलं : ताशी साठ मैल वेगाने जाताना या गाडीत सगळ्यात मोठा आवाज इलेक्ट्रिक घड्याळाचा येतो. १९५८ मध्ये त्याचीच हेडलाइन झाली. जाहिरातीच्या इतिहासातल्या सगळ्यात नावाजलेल्या ओळींपैकी ही एक, आणि ती तांत्रिक मजकुरात आधीपासून पडलेली होती. हा प्रसंग मुलांना जरूर सांगा. ‘काही सुचत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा वस्तूची पुरेशी माहितीच नसते. पॅकवरचा बारीक मजकूर, वापरण्याच्या सूचना, तक्रारींची उत्तरं, ही तीन ठिकाणं कोणी उघडत नाही आणि तिथेच पुष्कळ काही असतं.

वाचनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे ग्राहकाशी बोलणं. १९६८ च्या सुमारास लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन या एजन्सीचे स्टीफन किंग आणि बोअस मॅसिमी पॉलिट या एजन्सीचे स्टॅनली पॉलिट यांनी अकाउंट प्लॅनिंग हे स्वतंत्र काम उभं केलं. क्लायंटची बाजू सांभाळणारा आणि जाहिरात रचणारा यांच्याबरोबर ग्राहकाची बाजू मांडणारा तिसरा माणूस खोलीत हवा, हा त्यामागचा विचार. वर्गातही हे करता येतं. प्रत्येक गटात आळीपाळीने एकजण ग्राहकाच्या वतीने बोलणार. त्याने तीन खऱ्या माणसांशी बोलून यायचं आणि त्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून आणायची. ‘लोकांना वाटतं की...’ अशी सुरुवात केली की विचारा, कोणाला वाटतं?

वर्गमित्रांना गुगल फॉर्म पाठवून आणलेले पाय चार्ट स्वीकारू नका. त्यातून माणूस दिसत नाही.

पायरी ५ : आधी एकट्याने, मग एकत्र

ब्रेनस्टॉर्मिंग ही पद्धत जाहिरात व्यवसायातूनच आली. बीबीडीओ या एजन्सीचे अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांनी ती रूढ केली : एकत्र बसा, सुचेल ते बोला, टीका नंतर करा. ‘टीका नंतर’ हा भाग सोन्यासारखा आहे. पण एकत्र बसून जास्त सुचतं, हे मात्र तपासणीत टिकलं नाही. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की तेवढीच माणसं वेगवेगळी बसली तर एकूण कल्पना जास्त निघतात. गटात एकजण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं निघून जातं.

म्हणून ब्रीफ पक्कं झालं की पहिले वीस मिनिटं वर्गात पूर्ण शांतता. प्रत्येकाने जाड मार्करने, छोट्या चौकटींत, थंबनेल म्हणजे कल्पनांची कच्ची छोटी चित्रं काढायची. कॉम्प्युटर बंद. जाड मार्कर यासाठी, की त्याने तपशील काढताच येत नाही, फक्त कल्पना काढता येते. चित्र चांगलं येणाऱ्या मुलाचा फायदा इथे संपतो आणि न येणाऱ्याची भीडही. पहिल्या पाच-सहा चौकटी सगळ्यांच्या सारख्याच निघतात. टॉर्चच्या बाबतीत काळं पान, मधोमध उजेडाचा झोत, हे जवळजवळ प्रत्येक कागदावर असतं. ते होऊ द्या. ते बाहेर पडल्याशिवाय पुढचं येत नाही.

त्यानंतर जोड्या करा, एक लिहिणारा आणि एक चित्राची बाजू सांभाळणारा. कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टरला एका खोलीत बसवण्याची पद्धत बिल बर्नबाख यांच्या एजन्सीतून पसरली. त्याआधी कॉपी लिहून झाली की ती चित्रकाराकडे जायची. जोड्या दर असाइनमेंटला बदला, नाहीतर एकजण कायम दुसऱ्याच्या मागे लपतो.

माध्यमांबद्दल एकच सूचना. रेडिओची जाहिरात लवकर करून घ्या, पोस्टरच्या आधी. तिथे देखण्या चित्राचा आधार नसतो, त्यामुळे कल्पना आहे की नाही ते लगेच कळतं.

पायरी ६ : क्रिट

सगळ्यांचं काम भिंतीवर लावून त्यावर बोलायचं, याला क्रिट म्हणतात. या विषयाचं बहुतेक शिक्षण इथेच होतं, आणि चुकीच्या हाताळणीने बहुतेक नुकसानही इथेच होतं. म्हणून थोडं सविस्तर.

भिंतीवर काम लागण्याआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. माझ्या कामांपैकी सगळ्यात चांगलं कोणतं आणि का, दोन वाक्यांत. चिठ्ठी घडी करून स्वतःजवळ ठेवायची. क्रिट संपल्यावर ती उघडायची आणि वर्गाला काय भावलं त्याच्याशी ताडून बघायची. सुरुवातीला फारसं जुळत नाही. पुढे जुळू लागतं, किंवा विद्यार्थी ठामपणे सांगू लागतो की वर्ग का चुकतोय. दोन्ही चांगलं. सबंध सेमिस्टरभर चालवण्यासारखा एकच उपक्रम निवडायचा झाला, तर मी हा निवडेन.

काम लागलं की ज्याचं आहे त्याने गप्प राहायचं. जाहिरात रस्त्यावर लागते तेव्हा ती करणारा शेजारी उभा राहून समजावत नसतो. पहिला प्रश्न वर्गाला : तुम्हाला काय कळलं? ‘आवडलं’ आणि ‘नाही आवडलं’ हे शब्द या टप्प्यावर चालणार नाहीत असं आधीच सांगा. दहाजणांना दहा वेगळ्या गोष्टी कळल्या, तर करणाऱ्याला आणखी काही सांगायची गरजच उरत नाही.

दुसरा प्रश्न ब्रीफकडे जातो : जे पटायला हवं होतं ते यातून पटतंय का? तिसरा प्रश्न मी कधीच वगळत नाही : लोगो झाकला आणि दुसऱ्या कंपनीचा लावला तर ही जाहिरात चालेल का? चालत असेल तर ती अजून कोणाचीच नाही.

टॉर्चच्याच ओळी घेऊ. भिंतीवर तीन हेडलाइन आहेत. ‘अंधारावर विजय.’ ‘उजेड तुमच्या मुठीत.’ ‘फोनची शेवटची दोन टक्के बॅटरी फोन करायला ठेवा.’ पहिली ओळ ऐकून काय कळलं? प्रकाशाशी संबंधित काहीतरी. बल्ब, शाळा, डोळ्यांचा दवाखाना, कोणालाही चालेल. दुसरी ओळ निदान हातातल्या वस्तूबद्दल आहे, पण मुठीत तर फोनही असतो. आपण ज्याच्याशी झगडतोय त्याचीच जाहिरात झाली. तिसरीत टॉर्च हा शब्दच नाही. चित्रात टॉर्च असल्यामुळे तो लागत नाही. वाचणाऱ्याला तो प्रसंग आठवतो, दोन टक्के उरल्यावर पोटात पडलेला खड्डा आठवतो आणि टॉर्च का हवा हे तो स्वतःच पुरं करतो. वर्गात हा प्रवास मुलांनीच करायचा आहे, तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे. तिसरी ओळ चांगली आहे हे तुम्ही आधी सांगून टाकलंत, की बाकी सगळे माना डोलावतात आणि विचार थांबतो. शिक्षकाने सगळ्यांच्या शेवटी बोलावं.

आता सगळ्यात कठीण नियम, विशेषतः एजन्सीतून आलेल्यांसाठी. विद्यार्थ्याची ओळ दुरुस्त करून देऊ नका. तुम्हाला तिथल्या तिथे चांगली ओळ सुचेल, हात शिवशिवतील. पण पेन उचललं की त्याला एक बरी ओळ मिळते आणि ती शोधायची संधी जाते. पुढच्या वेळी तो अर्धवट काम घेऊन येईल आणि तुमच्या पेनची वाट बघेल. त्याऐवजी ओळ कुठे घसरते तेवढं दाखवा : ‘मूठ या शब्दापाशी मला फोन दिसला.’ बस्स.

बोलताना कामाबद्दल बोला, माणसाबद्दल नाही. ‘तू विचारच केला नाहीस’ आणि ‘ही ओळ कोणाशी बोलते ते मला कळलं नाही’ यांत तक्रार एकच आहे. पहिलं ऐकलेला विद्यार्थी पुढच्या आठवड्यात सुरक्षित, गुळगुळीत काम आणतो. दुसरं ऐकलेला ओळ बदलून आणतो. एजन्सीत आम्ही कसली बोलणी खाल्ली, हे अभिमानाने सांगत तीच रीत वर्गात चालवणारे शिक्षक मी पाहिलेत. धाकाने मुलं कामाला लागतात, पण धाडस करणं सोडतात, आणि या धंद्यात धाडस गेलं की उरतं काय?

गप्प राहणाऱ्या मुलांसाठी मात्र सोय करा. बोलण्याआधी दोन मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, मग वाचून दाखवायचं. मोठ्याने बोलणारे चार आणि ऐकणारे तीस अशी क्रिट होत असेल, तर पारख चौघांचीच तयार होते.

पायरी ७ : गुण आणि शेरे

कच्च्या कामावर गुण देऊ नका, फक्त शेरा द्या. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात, १९८८ साली, असं दिसलं की ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना शेऱ्याबरोबर गुणही मिळाले त्यांना शेऱ्याचा तो फायदा झाला नाही. विद्यापीठातल्या मुलांचंही वेगळं नसतं. आकडा दिसला की नजर तिथेच थांबते. विद्यापीठाला अंतर्गत गुण हवेच असतात, ते अंतिम कामावर आणि कामाच्या वहीवर द्या. वहीत ब्रीफचे सगळे खर्डे, टाकून दिलेल्या कल्पना आणि त्या का टाकल्या याची कारणं हवीत. टाकण्याच्या कारणांना गुण ठेवलेत की मुलं ती विचारपूर्वक लिहितात.

एआयचा प्रश्नही बराचसा या वहीनेच सुटतो. मुलं वापरणारच, तेव्हा बंदीचा आव आणू नका. फक्त पहिली वीस मिनिटं तो बंद, आणि पुढे वापरला तर त्याने दिलेल्या ओळी वहीत चिकटवून, घेतलेली ओळ का घेतली आणि बाकीच्या का सोडल्या ते लिहायचं. जोखायचं आहे ते तेच.

सॉफ्टवेअर शिकवण्यात तुमचे तास घालवू नका. ते मुलं व्हिडिओ बघून शिकतात.

पायरी ८ : खरं-खोटं दर वेळी तपासा

नीतिमूल्यं हा विषय बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. तो दर क्रिटमध्ये हवा, एका प्रश्नाच्या रूपात : यातलं कोणतं वाक्य आपल्याला सिद्ध करावं लागेल आणि ते करता येईल का?

दोन प्रकरणं वर्गात सविस्तर घ्या. पहिलं कॅम्पबेल सूपचं. जाहिरातीच्या फोटोसाठी वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर राहतील आणि सूप भरगच्च दिसेल. १९७० साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातली फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीला असलं चित्रण बंद करायला लावलं. मुलांना विचारा : एकही खोटा शब्द लिहिलेला नव्हता, मग फसवणूक कुठे झाली? आर्ट डायरेक्शन करू पाहणाऱ्या मुलांसाठी हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण जबाबदारी फक्त लिहिणाऱ्याची असा त्यांचा समज असतो.

दुसरं लिस्टरीनचं. सर्दी आणि घसादुखीपासून बचाव होतो असा दावा या माउथवॉशच्या जाहिरातींत अनेक दशकं चालू होता. १९७५ मध्ये त्याच कमिशनने आदेश दिला की आता एक कोटी डॉलर्सच्या जाहिरातींत, हा उपाय सर्दीवर चालत नाही, असं कंपनीने स्वतः सांगायचं. १९७७ मध्ये अपिलातही तो टिकला. लोकांच्या मनात इतकी वर्षं रुजवलेली गोष्ट नुसती जाहिरात थांबवून पुसली जात नाही, हे त्यामागचं कारण. आपण काय हातात घेतोय, हे या प्रकरणातून विद्यार्थ्याला नीट कळतं.

याच्या जोडीला एव्हिसचं उदाहरण ठेवा, म्हणजे खरेपणा हा नुसता कायद्याचा धाक वाटणार नाही. १९६२ मध्ये ही गाड्या भाड्याने देणारी कंपनी हर्ट्झच्या मागे, दुसऱ्या क्रमांकावर होती. डॉयल डेन बर्नबाखच्या कॉपीरायटर पॉला ग्रीन यांनी तेच हेडलाइनमध्ये लिहिलं आणि म्हणून आम्ही जास्त झटतो असं पुढे जोडलं. खरं बोलूनही जोरदार जाहिरात होते, हे मुलांना मनापासून पटायला हवं.

पायरी ९ : पोर्टफोलिओ आणि पुढची वाट

शेवटचे तीन आठवडे नवं काम नको. आधीचीच तीन कामं निवडून ती पुन्हा करायची. चांगलं झालेलं काम निवडण्यापेक्षा ज्याचं ब्रीफ भक्कम होतं ते निवडायला सांगा. त्यात वर जायला जागा असते. पोर्टफोलिओत प्रत्येक कामाबरोबर ब्रीफची एक ओळ लावायला लावा. मुलाखत घेणारा माणूस घाईत असतो, कोणता प्रश्न सोडवला हे त्याला लगेच दिसायला हवं. कमी आणि चांगलं ठेवा. सगळ्यात कच्चं काम काढून टाकलं, की उरलेला पोर्टफोलिओ त्याच क्षणी सुधारतो.

याच काळात प्रत्येक विद्यार्थ्याशी स्वतंत्र बोला. वर्गातल्या सगळ्यांना कॉपी किंवा आर्टमध्ये जायचं नसतं, आणि जमेलच असंही नसतं. ज्याची ब्रीफं नेमकी असतात पण हेडलाइन ढिली, तो उत्तम प्लॅनर होऊ शकतो. जोडीतली भांडणं शांतपणे मिटवून काम वेळेत आणणारी मुलगी क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे क्लायंटची बाजू सांभाळण्याच्या कामात, चमकेल. जाहिरात कुठे लावायची यावर वाद घालणारा मीडिया प्लॅनिंगला जाईल. हे त्यांना कमीपणा म्हणून सांगू नका. त्यांच्या वहीतली पानं उघडून दाखवा की हे तुझं बळ इथे, इथे आणि इथे दिसतंय. नुसत्या कौतुकावर मुलं विश्वास ठेवत नाहीत, पानांवर ठेवतात.

सेमिस्टर संपलं की निकालाच्या धांदलीत शिरण्याआधी तुमची स्वतःची ब्रीफं काढून बसा. ज्या ब्रीफवर सगळ्यांचं काम एकसारखं आलं, त्यात प्रश्न ढिला होता. ज्यावर कोणालाच काही सुचलं नाही, त्यात सापडण्यासारखं काही नव्हतं किंवा वस्तू मुलांच्या हाताला लागणारी नव्हती. ज्यावर कामं एकमेकांपासून वेगळी आली आणि तरी ब्रीफला धरून राहिली, ते पुढच्या वर्षी ठेवा. फक्त वस्तू बदला, कारण वरच्या वर्गाच्या वह्या खालच्या वर्गाकडे पोहोचलेल्या असतात.